मिटलेल्या भेगेवर ओढलेली रेघ

कोंडाण्याच्या वाटेवरील देवळातला सागवानी खांब पावसाळाभर जागचा हलला नाही. गुरव आबांनी परवा फोनवर तसे सांगितले. प्रा. वसुधाताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहायला बसताना हातात आलेली ही ताजी बातमी.

भिसेगावच्या वसुधाताईंना मी प्रथम पाहिले ते महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत. मी नुकताच रुजू झालो होतो. तिरकी चीर दिलेला लाकडी ठोकळा त्यांनी दाबयंत्रात ठेवला. दाब येताच चीर मिटली.

"बंद झाली," मी म्हणालो.

"दिसेनाशी झाली," असे म्हणत त्यांनी चिरेवर आडवी पेन्सिलची रेघ ओढली.

चिरेच्या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट टेकल्या होत्या. घर्षणाने त्यांना धरून ठेवले, तोवर रेघ सरळ राहिली. दाब आणखी वाढला तशी ती मध्येच तुटली; एक बाजू दुसरीवरून किंचित सरकली होती. मग चिरेच्या टोकापासून नवी भेग निघाली. मिटलेली भेग वाढू कशी लागते, हाच त्यांचा आयुष्यभराचा अभ्यास.

गेल्या उत्सवाआधी मंडपाच्या त्या सागवानी खांबात तिरकी भेग दिसली, तेव्हा देवळाच्या पंचांनी त्यांना बोलावले. मंडप पाडून स्लॅब टाकावा, असे काहींचे मत होते. आबा दरवर्षी खांबांना तेल चोळत.

"भेग मिटली हाय, ताई. तेलानंच."

"तेल आत मुरलं की बाजू सरकायला सोप्या होतात, आबा. आता नको."

"मग खांब उपाशी ठेवायचा काय?"

"त्याच्या वाट्याचं समईत घाला."

आबा हसले, पण ताईंनी खांबाच्या भेगेवर ओढलेल्या रेघेकडे रोज पाहू लागले. उत्सवाच्या तोंडावर ती तुटलेली त्यांनाच दिसली. ताईंनी मंडप रिकामा करवला. उत्सव अंगणात झाला, लोक कुरकुरले. आबांना दोष लागू नये म्हणून तेलाचा विषय मात्र ताईंनी चारचौघांत कधी काढला नाही. आज मी लिहितो आहे, ते आबांच्या संमतीने.

पुढे छताला टेकू दिले, खांबाला लोखंडी पट्ट्या आवळल्या आणि नवी रेघ ओढली. आता टेकू ढिले करून छताचा भार पुन्हा खांबावर आणायचा आहे. खरी परीक्षा तीच. त्या वेळी आत कुणी थांबायचे नाही, असे ताईंनी बजावले आहे.

"मी बी भायेर?" आबांनी विचारले.

"तुम्ही सगळ्यांत आधी."

रेघ टिकली तर यंदाचा उत्सव छताखाली होईल. नाहीतर खांब बदलायला आबा तयार आहेत. निकाल ताई देतील. तो देण्याइतकी तीक्ष्ण नजर आणि निरोगी शरीर त्यांना पुढची अनेक वर्षे लाभो.