सेंटवर मिळालेली खोली

देवरुखच्या स्टँडवर एसटी सुटायच्या आधी आईने आपल्या सेंटची बाटली काढली आणि माझ्या मानेवर, ओढणीवर, बॅगेवर सपासप फवारे मारले. उरलेली बाटली बॅगेत कोंबली. "मुंबईत घाम फार येतो," म्हणाली. ती स्वतः मुंबईला दोनदाच गेली होती. लग्नकार्याला निघताना ती लावायची तोच हा सेंट. जाईच्या फुलांवर कुणी पावडरचा डबा उपडा करावा, तसा गोड, मऊ वास. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी नाकाला पदर लावला.

अंधेरीला पोहोचेपर्यंत बाटली अर्धी गळली होती. कपडे तीनदा धुतले, वास जाईना. पीजीतली माझी रूममेट श्रद्धा घाटकोपरची. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, "यार, तुझ्याकडून माझ्या मावशीच्या लग्नाचा वास येतो." मरोळच्या ऑफिसात माझ्या शेजारची खुर्ची शेवटी भरायची. पहिल्या पगारात मी मॉलमधून लिंबाच्या सालीसारखा एक वास आणला आणि त्याला परफ्यूम म्हणायला शिकले. आईलाही एक पाठवला. तिची बाटली बॅगेच्या तळाशी गेली.

वर्षभराने पीजी बंद झालं. आठ दिवसांत जागा शोधायची होती. देवरुखात राहिलेल्या मैत्रिणींनो, 'एकटीच का?' हा प्रश्न मी पाच घरांत ऐकला आणि पाचही ठिकाणी त्यापुढे नकारच आला. सहाव्या घरी जाताना बाकी सामान बांधून झालं होतं, म्हणून जुन्या बॅगेच्या तळाशी आईच्या बाटलीजवळ राहिलेला ड्रेस चढवला.

तिथे कर्णिक काका-काकू राहायचे. काकांनी मला समोर बसवून नियम वाचायला घेतले. काकू पाणी घेऊन आल्या आणि माझ्याजवळच थांबल्या. काय लावलंयस, विचारलं. वाट लागली, असं समजून मी माफी मागायला लागले. काकू म्हणाल्या, बँकेत नोकरीला लागले तेव्हा हाच लावायचे. लग्नानंतर यांचं डोकं दुखतं म्हणून बंद केला. अडतीस वर्षं झाली.

काकांनी चष्मा काढला. "माझं कुठे दुखायचं? आईचं दुखायचं."

काकूंनी ट्रे खाली ठेवला. "आणि हे तुम्ही मला आज सांगताय?"

पुढचे नियम वाचायचे राहिले. खोली मला काकूंनी देऊन टाकली, काकांकडे न बघता. माझी बाटली आम्ही दोघींनी पंधरा दिवसांत संपवली. मग काकूंनी बोरिवलीत तोच सेंट ठेवणारं एक जुनं दुकान शोधून काढलं. काका रोज सकाळी शिंकतात आणि धूळ फार झालीय म्हणतात.

यंदा दिवाळीत देवरुखला गेले. दारात आईने मिठी मारली. तिच्या अंगाला लिंबाचा वास येत होता. लगेच मागे सरून म्हणाली, "अगं, म्हातारीसारखा कसला वास मारतेस?"

तुझाच सेंट आहे, म्हटलं. तर म्हणे, तो तिने कधीच सोडला.

जेवायला बसलो आणि काकूंचा फोन आला. नीट पोहोचलीस का, आणि कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस? कोण गं, आईने विचारलं.

"घरून आहे," मी म्हणाले, आणि जीभ चावली.

आईचा वाढता हात थांबला. मग तिने माझ्या पानात आणखी एक करंजी ठेवली. "त्यांना सांग," ती म्हणाली, "भाऊबीजेपर्यंत तुला परत देणार नाही."