एक ओळ खाली

आमच्या ऑफिसातले किस्से मी मित्रांना सांगायचो तेव्हा ते हसायचे, मीही हसायचो. एक सांगून होईपर्यंत इकडे दुसरा घडलेला असायचा. यंदा कॉलेजात नवा प्रिंटर आला आणि माझं हसणं थांबलं. मी तिथं कॉम्प्युटर ऑपरेटर आहे, तात्पुरता.

*

प्रिंटर बसवायला बीडहून माणूस आला. कॉलेज सोडल्याचा दाखला आम्ही छापील फॉर्मवर काढतो. कागदाचा आकार, वर किती जागा सोडायची, हे सगळं जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेलं होतं. "ते सेटिंग नव्यात घेऊ, दहा मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो.

आमचे हेडक्लार्क अण्णा प्रिंटरपुढं नारळ फोडत होते. म्हणाले, "नवी सून आल्या आल्या तिला जुनीच्या सवयी लावता का?"

बीडचा माणूस खोबरं खाऊन मांजरसुंब्याला जेवायला निघून गेला.

*

पहिला दाखला प्रज्ञाचा. दिंद्रुडची मुलगी, नर्सिंगला नंबर लागलेला. सोमवारी सकाळी दाखला जमा केला नाही तर जागा दुसऱ्याला जाणार.

मजकूर एक ओळ खाली उतरला. आईच्या नावापुढं प्रज्ञाचंच नाव. जातीपुढं आईचं नाव, मंगल.

अण्णा म्हणाले, "माणसं तर तीच हायत ना? घेतील समजून."

प्रज्ञानं दाखला नीट वाचला. "जातीच्या जागी आई, हे लई बरं हाय, सर. पण ते घेणार न्हाईत."

*

सेटिंग बदलायला मी पासवर्ड मागितला. अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तात्पुरत्या माणसाला कायमच्या मशीनला हात लावता येत न्हाई."

मी लेखी अर्ज दिला. त्यांनी त्याला जावक नंबर टाकला. आवक टाकायला हवा होता, हे मीच दाखवून दिलं. तेव्हा अर्ज चुकीच्या रजिस्टरला चढला म्हणून रद्द झाला.

*

गफूरचाचा आमचे शिपाई. त्यांना प्रज्ञाची दया आली. "फॉर्म वरून बोटभर कापू. मजकूर आपोआप वर जाईल."

कापला. मजकूर आणखी एक ओळ खाली गेला आणि कॉलेजचं नाव कचऱ्याच्या डब्यात पडलं. अण्णा त्याच्यावरही शिक्का मारायला निघाले होते. मी कागद ओढून घेतला.

*

गुरुवारी अण्णा वडवणीला लग्नाला गेलते. चाचांनी कीबोर्ड उलटा केला. पासवर्ड खाली चिकटवलेला होता.

जुनं सेटिंग भरायला नऊ मिनिटं लागली. कोरे फॉर्म अण्णांच्या कपाटात, कुलपात. म्हणून प्रज्ञाचा मजकूर साध्या कागदावर छापला, पहिल्या बिघडलेल्या दाखल्यावर ठेवला आणि खिडकीच्या उजेडात धरला. नावाच्या रेघेवर नाव, आईच्या रेघेवर आई. मी प्रज्ञाला फोन केला, "उद्या ये. नक्की मिळेल."

*

शुक्रवारी ती दारात उभी होती. तिसरी खेप. अण्णांनी कपाटातून नवाकोरा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

"छापखान्यातून नवे फॉर्म करून आणले. सगळा छापील मजकूर एक ओळ खाली घ्यायला लावला. आता मशीनची कटकट मिटली."

मी दाखला काढला. नावापुढं मंगल. कॉलेज आता प्रज्ञाच्या आईनं सोडलं होतं.

"सेटिंगला कुणी हात लावला बे?" अण्णा खुर्चीतून उठले.

"जुने फॉर्म कुठं आहेत?" मी विचारलं.

"रद्दीत दिले. गेली गाडी."

प्रज्ञा माझ्याकडं बघत होती. मी खुर्ची पुढं ओढली आणि केलेलं सगळं सेटिंग पुसून टाकलं. पुन्हा छापलं. ओळीला ओळ. प्राचार्यांनी न वाचता सही केली.

प्रज्ञानं उभ्या उभ्या सगळा दाखला तपासला, घडी न घालता फाईलमध्ये ठेवला आणि मला विचारलं, "एवढंच होतं, सर, तर मागच्या येळेला कावून केलं न्हाई?"