लेव्हाय क्रेनला दिलेला शब्द

आमचा ओरिन ओहायोच्या विधानसभेत गेला तो एका पुलासाठी. ज्या नदीत माझा नवरा बुडाला, त्याच नदीवरच्या पुलासाठी. होडी कलंडली तेव्हा तो कडेला बसला होता. त्यानंतर गावाने माझ्या धाकट्या भावाला, पिंपं बनवणाऱ्या ओरिन टटलला, निवडून दिलं.

विधानसभेत पुलाच्या ठरावावर मतदान होतं, त्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "थर्झा, ओरडू नकोस. मी आज मत देणार नाही."

"काय?"

"लेव्हाय क्रेन अंथरुणाला खिळलाय. माझी त्याच्याशी जोडी आहे."

जोडी म्हणजे विरुद्ध बाजूच्या दोन आमदारांचा आपसातला करार. एक येऊ शकला नाही, तर दुसऱ्यानेही मत द्यायचं नाही. सही नाही, कागद नाही, नुसता शब्द.

"अरे, तो पुलाच्या विरुद्ध! त्याच्यासाठी तू तोंडाला कुलूप लावणार? डोक्यात भुसा भरलाय का तुझ्या?"

"माझ्यासाठी त्यानेही लावलं असतं."

नावं पुकारायच्या आधी रिवाजाप्रमाणे दारं बंद झाली. मी वर सज्जात बसून मतं मोजत होते. चव्वेचाळीस 'हो', चव्वेचाळीस 'नाही'. उरला एकटा आमचा.

"टटल!"

ओरिन उभा राहिला. ओठ पांढरेफटक पडले होते. मला राहवेना. "बोल की मेल्या!" मी वरून ओरडलेच. सभापतींनी हातोडा आपटला.

"माझी क्रेनसाहेबांशी जोडी आहे," एवढं बोलून तो खाली बसला. मतं समसमान, पुलाचा ठराव बारगळला.

दारं उघडली आणि शिपाई तार घेऊन आत आला. क्रेन पहाटेच वारले होते. माणूस गेला की जोडी सुटते. पण नावं पुकारताना आत काही न्यायचं नाही, म्हणून तार तासभर दाराबाहेर थांबली होती. ओरिनने ती दोनदा वाचली आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडला.

"चांगला माणूस होता गं," मला म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या निवडणुकीत गावाने त्याला घरी बसवलं. मीही अख्खा हिवाळा त्याच्याशी बोलले नाही. वसंतात लेकीच्या बाळंतपणाला नदीपलीकडे जायचंच होतं. घाटावर बघते तर वल्ही ओरिनच्या हातात! दुकान विकून होडी घेतली होती. पूल होईस्तोवर कुणाला बुडू देणार नाही म्हणे.

मी होडीत पाय ठेवला.

"कडेला नको," तो खाली बघत म्हणाला. "मधे बस."

मी मधे बसले.