राऊळांच्या घरचं गाऱ्हाणं

आनंदा राऊळ हॉस्पिटलातून घरी येऊन बारा दिवस झाले होते. हृदयात दोन स्टेंट, तंबाखू बंद, तळलेलं बंद, जिना सावकाश. त्याने सगळं ऐकलं, भांडण तेवढं सोडलं नाही. छापखान्यात बाइंडिंगला होता तेव्हा एकाही मालकाशी त्याचं पटलं नाही, आणि लालबागच्या त्या चाळीत त्याने शिव्या घातल्या नाहीत असं एक दार दाखवा. दूधवाला पाणी घालतो, शेजारी मुद्दाम खोकतो, डॉक्टर कमिशन खातात. अख्खं जग आपल्याला लुबाडायला टपलंय, याची त्याला पक्की खात्री.

"लोक तुमच्याशी मुद्दाम वाईट वागतात, असं वाटतं का?" हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं.

"वाटता कसला? वागतातच!" आनंदा असा ओरडला की उशाचं मशीन बोंबलायला लागलं.

बाईंनी त्याच्या बायकोला, रखमाला, बाहेर नेऊन सांगितलं, गोळ्या आम्ही देऊ, पण हा सदानकदा राग, हा संशय त्यांच्या हृदयाला झेपणार नाही. पुढच्या झटक्यातून वाचतीलच असं नाही. तेव्हा रखमा रडली होती. आता तिला नुसता संताप येत होता. पस्तीस वर्षं हा भांडायचा आणि दारोदार माफी मागायला ती जायची.

चतुर्थीला घरात गणपती बसला. त्यांच्याकडे कोकणच्या रीतीने घरच्या थोरल्याने नारळ हातात धरून देवाला गाऱ्हाणं, म्हणजे घरच्यांसाठीचं मागणं, घालायचं आणि बाकीच्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. आनंदाने नारळ उचलला, तोच दारात हितेंद्र उभा. सख्खा धाकटा भाऊ, ठाकूरद्वारला राहणारा. नऊ वर्षांपूर्वी आनंदाने त्याला असंच सणाच्या दिवशी हाकललं होतं. आज रखमानेच फोन करून बोलावलं होतं.

"मी मेलंय काय ता बघूक इलंस?" आनंदा कडाडला.

"दादा, तुझी तब्येत बघूक इलंय."

"भायर हो आधी!" एवढं बोलेपर्यंत आनंदाचा हात छातीवर गेला. रखमाने त्याला खुर्चीत बसवलं, जिभेखाली गोळी ठेवली. थोड्या वेळाने कळ ओसरली, चेहऱ्यावर रंग आला, आणि पहिलं वाक्य काय, तर "ह्येका अजून भायर नाय काढलास?"

रखमाच्या डोक्यात तिडीक गेली. तिने त्याच्या मांडीवरचा नारळ हिसकावला आणि दिराच्या हातात दिला.

"घाला गाऱ्हाणा, भावजी. ह्येंच्या मागे तुमकाच घालूचा आसा. आजपासून सवय करा."

हितेंद्रने नारळ दोन्ही हातांत धरला. "बा देवा म्हाराजा," तो कसाबसा म्हणाला, "माझ्या दादाक राख रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!" रखमा रागाने ओरडली.

आनंदा "होय म्हाराजा" न म्हणता दात आवळून बसला होता. मागणं त्याच्याच जिवाचं होतं, पण ते हितेंद्रच्या तोंडून आलं होतं.