प्लेटनानांचा डावा पाय

प्लेटनाना क्लच लावायचे ते अनवाणी. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

सगळं जोडून झालं की नाना डाव्या पायातली चप्पल काढणार, सीटवर बसणार, डोळे मिटणार आणि पेडल दाबणार. पेडल सुरुवातीला बोटभर मोकळं जायला हवं, तेवढ्यात काहीही घडता कामा नये. त्यानंतर क्लच पायाला लागायचा. ही मोकळीक मोजायला कुणी पट्टी काढली की नानांचं डोकं फिरायचं. “पट्टी लावायला आपण काय शिंपी आहोत?” हे वाक्य मुळात त्यांच्या थोरल्या भावाचं, दादांचं. गॅरेज दोघांनी मिळून काढलेलं. काय दिवस होते ते! दोन सीटच्या बुटक्या स्पोर्ट्स गाड्या दारात रांगेनं उभ्या, दादा जुन्या प्लेटांवर नवं अस्तर हातानं ठोकताहेत आणि नाना गाडीखाली पडून त्यांच्या शिव्या खाताहेत. एकदा बसवलेला क्लच दहा-बारा वर्षं तोंड दाखवायचा नाही; या क्लचप्लेटांवरूनच नानांचं ‘प्लेटनाना’ झालं. पुढं दादा गेले, गाड्याही गेल्या. त्या रांगेतली एकच उरली, गणिताच्या बाईंची लाल गाडी.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. गाडी त्यांच्या यजमानांची. ते गेल्यापासून, तीस वर्षं, दर रविवारी बाई स्वतः ती फिरवायच्या, केसांना रुमाल बांधून, सत्तरीतही! आहे का कुणाची टाप?

तर नानांनी या गाडीला बसवलेला नवा क्लच चार महिन्यांत गेला. पेडल दाबलं की आत कार्बनची एक कडी फिरत्या भागावर टेकते आणि पाय उचलला की सुटते. ती कडी झिजून पार पत्र्याला आली होती. मूळ कंपनी केव्हाच बंद पडलेली, सुटे भाग आता कुणीही बनवतं. नानांनी पार्टवाल्याच्या दुकानात जाऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. “कार्बन आहे की पेन्सिलीतलं शिसं?” पार्टवाल्यानं निमूटपणे दुसऱ्या कंपनीची, महागातली कडी दिली. तीही चार महिन्यांत खलास.

“नाना, आता आणखी एकदाच,” बाई म्हणाल्या. “पुन्हा गेला तर मी गाडी विकते. एक गृहस्थ विचारताहेत.”

ती गाडी गेली की दादांच्या हाताखाली शिकलेलं एकही काम गॅरेजात उरणार नव्हतं. मग त्यांनी कधी केलं नव्हतं ते केलं. कपाटाच्या तळाशी मूळ कंपनीची शेवटची कडी होती. वरच्या कागदावर दादांच्या अक्षरात लिहिलेलं, ‘हात लावू नकोस.’ नानांनी हात लावला. कडी बसवली, चप्पल काढली, डोळे मिटले, पेडल दाबलं. झकास!

चार महिन्यांनी गाडी कर्रकर्र करत परत दारात.

नानांनी उघडून पाहिलं. दादांची कडीसुद्धा पत्र्याला आलेली. आता शिव्या द्यायच्या कुणाला? दादांना?

“राहू द्या हो,” बाई म्हणाल्या. “विकायची तरी चालती करून द्या. ते गृहस्थ उद्या येताहेत.”

नानांनी पार्टवाल्याकडून पुन्हा एक कडी आणली. दिवसभर मान मोडून काम केलं. संध्याकाळी चप्पल काढून पेडल दाबलं, समाधानानं मान हलवली आणि नळावर हात धुऊन आले. येऊन बघतात तर डावी चप्पल गाडीपाशीच पडलेली. म्हणजे खिळे, पत्र्याचे तुकडे, खडी यांवरून ते एका पायानं अनवाणी गेले आणि अनवाणीच आले. आणि पायाला पत्ता नाही! तळव्यातून रक्त येत होतं. साखर वाढल्यापासून पाय बधिर होतो, हे त्यांनी घरात बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

नाना गाडीत वाकले आणि या खेपेला त्यांनी पेडल हाताच्या पंजानं दाबलं. हात टेकतो न टेकतो तोच क्लच लागला. मोकळीक शून्य. बधिर पायाला क्लच उशिरा कळायचा आणि तेवढ्या अंतरालाच नाना मोकळीक समजत होते. कडी रात्रंदिवस टेकलेलीच राहणार, झिजेल नाही तर काय करील? नव्या मालात दम कमी, हे खरंच. पण दादांच्या कडीचाही यात निभाव लागणार नव्हता. तीन क्लच नानांच्या पायानं खाल्ले होते.

बाई गाडी न्यायला आल्या तेव्हा ते पायाला फडकं बांधून बसले होते.

“बाई, माल वाईट नव्हता. माझा पाय मेलाय. मला पेडल कळत नाही.”

“मला माहीत होतं,” बाई म्हणाल्या.

“काय?”

“तीस वर्षं चालवतेय, नाना. दुसऱ्या खेपेलाच माझ्या पायाला कळलं.”

“अहो, मग बोलायचं नाही? शाळेत पोरांचे कान पिळलेत ना? माझाही पिळायचा!”

“कशी बोलणार? तुम्ही चप्पल काढून, डोळे मिटून बसला होतात. तुम्हाला सांगणं जिवावर आलं. म्हणून म्हटलं, गाडीच काढून टाकावी.”

नानांना रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. “त्या गृहस्थांना आत्ता फोन करा. येऊ नका म्हणावं.”

बाईंनी फोन केला. मग नाना पाना घेऊन गाडीखाली सरकले.

“सँडल काढा, बसा आत,” खालून आवाज आला. “डावा पाय. हळू दाबा. लागतोय?”

“लगेच लागतोय.”

पाना फिरला. “आता?”

“अजून थोडं.”

पुन्हा पाना फिरला. “आता?”

“आता बरोबर,” बाई म्हणाल्या, आणि नानांनी नट आवळला.