थळला न आलेली गाडी

आमच्या आतोबांइतका आगगाडीवर जीव असलेला माणूस अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात दुसरा नव्हता, आणि पन्नाशी उलटेपर्यंत ते आगगाडीत एकदाही बसले नव्हते. बसणार कसे? आगगाडी पलीकडे, मुंबई-ठाण्याला. आम्ही अलीकडे, अलिबागजवळच्या थळला. मुंबई गाठायची तर रेवसच्या धक्क्यावरून बोटीत बसायला हवं, आणि बोट म्हटलं की आतोबांच्या पोटात ढवळायला लागे. तरुणपणी ते एकदा मुंबईला निघाले, तेव्हा बोट धक्क्याला बांधलेली असतानाच त्यांना ओकारी झाली, असं आत्या सांगायची. ते तिथूनच माघारी फिरले आणि मनाशी ठरवून टाकलं, की आपण गाडीकडे जायचं नाही. गाडीनंच आपल्याकडे यायचं.

ठाण्याची गाडी पनवेल, पेण करत अलिबागपर्यंत न्यायची, अशी बोलणी त्या काळात अधूनमधून उठत. वर्तमानपत्रात त्याबद्दल दोन ओळी आल्या की आतोबांच्या घरी शिरा व्हायचा. घरातलं घड्याळ त्यांनी केव्हाच रेल्वेच्या वेळेला लावून ठेवलं होतं. तेव्हा मुंबईची वेळ वेगळी आणि रेल्वेची वेगळी. रेल्वेची अर्ध्या तासाहून जास्त पुढे. सगळं थळ जुन्या वेळेनं चालायचं, त्यामुळे गाव पानावर बसायच्या आत आतोबांच्या घरची ताटं घासून पालथी पडलेली असत. भटजी सत्यनारायणाला अगदी वेळेवर आले तरी उशिरा आल्याबद्दल बोलणी खायचे. उद्या गाडी सुरू झाली की तुमचं कसं व्हायचं, ती काही तुमच्या मुहूर्तासाठी थांबायची नाही, असं आतोबा त्यांना कळवळून सांगत. भटजींना गाडीनं कुठंच जायचं नव्हतं, पण दक्षिणेकडे लक्ष ठेवून ते मान डोलवत.

एकदा साखळी आणि तांबडी निशाणं घेतलेली काही सरकारी माणसं मोजणी करत वाडीच्या कडेनं गेली. मोजणी कशाची, हे त्यांना कुणी विचारलं नाही. आतोबांनी तर मुळीच नाही. त्यांनी माणसांना ओटीवर बसवून शहाळी दिली, आत्याला घाईघाईनं मोदक करायला लावले, आणि आमच्या विहिरीचं पाणी कसं गोड आहे, उतारूंची कशी सोय होईल, हे समजावून सांगितलं. मुख्य साहेब मोदक खाण्यात इतका गुंतला होता, की त्यानं कशालाच नाही म्हटलं नाही. तेवढ्यावर आतोबांनी वाडीतला एक लांबच लांब पट्टा रुळांसाठी मोकळा सोडला. तिथं माड नाही, पोफळ नाही, काही नाही. शेजारच्या कोळीवाड्यातला एक म्हातारा रोज त्या वाटेनं जायचा. त्यानं बरेच दिवस तो उघडा पट्टा पाहिला आणि शेवटी न राहवून म्हणाला, "गाडी येस्तवर भेंडी तरी लावा की." ते मात्र आतोबांना पटलं. भेंडी एका दिवसात उपटता येते.

इथवर सगळी गंमतच होती. पण त्यांना एकच मुलगी, आमची मनू, आणि तिच्या लग्नातही ही गाडी आडवी आली. रेवदंड्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. माणसं चांगली, वाडी मोठी, आणि मुख्य म्हणजे सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याजोगं. आत्याच्या फार मनात होतं. आतोबांनी नकार दिला. गाडी अलिबागलाच संपणार, रूळ संपल्यापुढे मी पोरीला देणार नाही, असं म्हणाले. मग त्यांनी ठाण्याचा मुलगा पाहिला, तोही रेल्वेच्या नोकरीतला. पाठवणीच्या वेळी मनू रडायला लागली, तेव्हा ते तिला म्हणाले, "रडतेस काय? गाडी सुरू झाली की दर शनिवारी आहेच मी. इथून सकाळी निघालो की जेवायला तुझ्याकडे." आणि मनूनं डोळे पुसले, कारण तिला ते खरं वाटलं.

पुढची वर्षं गेली ती अशी. मनू उन्हाळ्यात माहेरी यायची, बाळंतपणं इथंच झाली. आत्या कुणाची तरी सोबत धरून, बहुतेक वेळा माझी, बोटीनं ठाण्याला जाऊन यायची. आतोबा आम्हाला पोचवायला रेवसपर्यंत येत, लाडूंचा डबा माझ्या हाती देत आणि धक्क्यावरूनच हात हलवत. सुरुवातीला मनू त्यांना हसून विचारायची, अण्णा, माझं घर बघायला कधी येता? मग नुसतं विचारायची. मग विचारेनाशी झाली. एकदा आत्या त्यांना म्हणाली, "पोर आता विचारत नाही, हे तुमच्या ध्यानात आलंय का?" ते उठून वाडीत गेले आणि बराच वेळ आले नाहीत. पुढे वर्तमानपत्रात आलं, की खाड्यांवरचे पूल परवडण्याजोगे नाहीत, गाडीचा विचार सोडला आहे. आतोबांनी ते वाचलं आणि म्हणाले, विचार सोडतात आणि पुन्हा धरतात.

मग एका हिवाळ्यात निरोप आला. जावयाची बदली नागपूरला झाली होती आणि त्याच आठवड्यात बिऱ्हाड हलणार होतं. मी सुट्टीत घरी होतो. आतोबा आमच्या ओटीवर येऊन उभे राहिले आणि मला विचारलं, "बोट किती वाजता असते?"

बोटीतल्या त्यांच्या हालांचं वर्णन करत नाही. खलाशीच शेवटी कनवाळूपणे म्हणाला, "काका, आडवं व्हा. धक्का आला का उठवतो." धक्क्यावरून बोरीबंदर स्टेशनात पोचल्यावर मात्र त्यांना हुशारी आली. ते गाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आले आणि गोंधळून विचारू लागले, इंजिन कुठं आहे? मी सांगितलं, की आता ही गाडी विजेवर चालते. "कधीपासून?" म्हणाले. झाली की बरीच वर्षं, म्हटलं. डबा जवळजवळ रिकामा होता. ते खिडकीशी बसले, पण बाहेर पाहत नव्हते. ठाणं आलं तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "एवढंच अंतर होतं?"

मनूकडचं सामान आदल्या दिवशीच नागपूरला पुढे गेलं होतं. मनूनं दार उघडलं आणि वडिलांना पाहून वाकून नमस्कार केला. बसा म्हणायला घरात काही नव्हतं. मग तिनं त्यांना रिकामं घर दाखवलं. इथं चूल, इथं मांडणी, या कडीला पाळणा टांगलेला होता, हे भिंतीवरचे तेलाचे डाग थोरल्याच्या डोक्याचे. शेवटी खिडकीपाशी येऊन म्हणाली, "इथून गाड्या दिसतात. तुमची खुर्ची इथं ठेवायची होती. पुढे मग तिथं कपड्यांची पेटी ठेवली."

आतोबा त्या जागेकडे पाहत राहिले. मग धोतर सावरून तिथंच जमिनीवर बसले. मनू त्यांच्याजवळ बसली. मी मुलांना घेऊन बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशी कल्याणला मनूला, जावयाला आणि मुलांना नागपूरच्या लांबच्या गाडीत बसवून दिलं. आतोबा खिडकीचा गज धरून मनूला म्हणाले, की मी नागपूरला येईन. ती म्हणाली, "या. पण आधी सांगू नका, अण्णा. नुसते या."

त्यांनी खरंच कुणाला सांगितलं नाही. पण जाणंही झालं नाही. पुढच्या पावसाळ्यात दम्यानं गाठलं आणि मग त्यांचं जग ओटीपर्यंतच उरलं. तिथं बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला मनूच्या ठाण्याच्या घराचं वर्णन करून सांगत. पाळणा कुठं, मांडणी कशी, खिडकीशी बसून चहा घ्यायला किती बरं वाटतं. ऐकणाऱ्याला वाटावं, की हा माणूस महिनोन्महिने तिथं राहून आला आहे. कधी ते चूल भलत्याच कोपऱ्यात मांडत, कधी खिडकी पूर्वेला नेत. आत्यानं ते घर कितीदा तरी पाहिलेलं होतं. ती आत तांदूळ निवडत बसलेली असे. ती कधी त्यांची चूक काढायची नाही. सांगता सांगता त्यांना धाप लागली आणि ते थांबले, की आतूनच म्हणायची, "हो. आणि उजेड किती होता."