दोघींच्या मधला चेंडू

४ डिसेंबर, सायंकाळी चार वाजून बेचाळीस मिनिटे. चेंडू हेस्सा आणि रझिया यांच्या बरोबर मधून निघाला. त्याला वेग असा नव्हताच. वाळवंटाकडून येणाऱ्या जर्द उजेडात तो गवतावरून घरंगळत होता, स्वतःशी काही विचार करत चालल्यासारखा. या दोघी आमच्या सर्वोत्तम बचावपटू. त्यांनी चेंडूकडे पाहिले, मग एकमेकींकडे पाहिले. तेवढ्यात समोरच्या संघाची एक मुलगी मागून धावत आली आणि तिने तो जाळ्यात ढकलला. हे आपण झोपेत पाहत आहोत, असे मला क्षणभर वाटले; कारण याआधीच्या दोन्ही सामन्यांत मी हुबेहूब असाच गोल पाहिला होता.

कुवेतमधील एका खासगी विद्यापीठाच्या मुलींच्या फुटबॉल संघाची मी असिस्टंट कोच आहे. माझ्याकडे फक्त डिफेन्स, म्हणजे गोल होऊ न देण्याचे काम. शिक्षण भौतिकशास्त्राचे, नंतर बायोमेकॅनिक्सचे. शरीराच्या हालचाली मोजणे हा माझा अभ्यास आणि मोजता येते ते दुरुस्त करता येते, हा माझा विश्वास.

आमच्या हेड कोच नादिया इजिप्तच्या. इकडे प्रशिक्षकाला कॅप्टन म्हणतात. त्यामुळे त्या कॅप्टन नादिया आणि मी कॅप्टन मृणाल. सामना संपल्यावर त्या पाण्याची बाटली घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"तुझा कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरअखेर संपतो. डीन विचारतात, डिफेन्सला वेगळी कोच कशाला? काय सांगू त्यांना?"

"सेमीफायनलपर्यंत थांबायला सांगा."

"म्हणजे पुढचा गुरुवार. तोच गोल चौथ्यांदा खाल्लास, तर मी तुझी बाजू घेणार नाही. घेतली तरी कुणी ऐकणार नाही."

इथे नोकरी गेली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, तिच्याबरोबर जातो. मला तिशीच्या आत हेड कोच व्हायचे होते. नाशिकला परतून पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करण्याची माझी तयारी नव्हती.

सेंटर बॅक म्हणजे बचावफळीच्या मध्यभागी उभ्या राहणाऱ्या दोघी. आमच्याकडे डावीकडे हेस्सा, उजवीकडे रझिया. त्यांच्यामधल्या पट्ट्याला मी सांधा म्हणते. तिन्ही गोल सांध्यातून झाले होते, म्हणून मी प्रथम अंतर तपासले. खेळाडूंच्या पाठीवर जर्सीच्या आत जीपीएसचा छोटा संच असतो; त्यावरून कोण कुठे होते, हे कळते. अंतर योग्य होते. वेग योग्य होता. दोघींपैकी कोणीही एक पाऊल टाकले असते, तरी चेंडू सहज मिळाला असता. विज्ञानाच्या दृष्टीने तो गोल होण्याचे काही कारणच नव्हते.

कारण दुसऱ्या दिवशी ड्रेसिंग रूमच्या दारात सापडले. हेस्सा आणि रझिया एकाच वेळी दाराशी पोहोचल्या. हेस्साने हात पुढे करून म्हटले, "तफद्दली." म्हणजे, आधी आपण. रझिया मागे सरकली. "नाही, तू आधी." हेस्साने छातीवर हात ठेवला. रझिया आणखी मागे सरकली. त्यांच्या मागे सगळा संघ बूट हातात घेऊन खोळंबला होता.

गोलकीपर शेवटून ओरडली, "बायांनो, कुणीतरी आत जा! मला चार वाजता लॅब आहे!"

मी दोघींना बाजूला घेतले. रझिया पहिल्या वर्षाची. घराणे दापोलीकडचे, जन्म इथल्याच फरवानिया भागातला. माझ्याशी ती मराठीत बोलते. अडली की इंग्रजीत शिरते.

"ताई, हेस्सा फायनल इयरला आहे. मोठीच्या समोरून बॉल कसा घेऊ? रूड दिसतं ना ते."

हेस्सा म्हणाली, "आणि ती आमच्या घरी जेवून गेली आहे, कॅप्टन. ती पाहुणी. पाहुणीच्या पुढ्यातलं मी ओढून घेऊ?"

"मैदानावर कसली पाहुणी?"

"मैदान कुणाच्या देशात आहे?"

रझिया हसली. "माझा जन्म इथला, ताई, तरी मी पाहुणीच." हे ती अगदी सहज म्हणाली.

मी नियम केला: सांध्यावरचा प्रत्येक चेंडू रझियाचा. दोघींनी माना डोलावल्या. पुढच्या सरावात पहिलाच चेंडू सांध्यावर आला. रझियाने हेस्साकडे पाहिले, हेस्सा तिच्याकडे पाहून गोड हसली, आणि चेंडू दोघींचा निरोप घेऊन पुढे गेला. नियम दोघींना पाठ होता. डोळ्यांची भेट झाली की तो विरघळत होता.

सेमीफायनलच्या दोन दिवस आधी सकाळी धुके पडले. हिवाळ्यात इथे समुद्रावरून कधीकधी असे धुके येते की, रस्त्यावरचे दिवे हवेत लोंबकळत असल्यासारखे दिसतात. मैदान नाहीसे झाले होते. गोलपोस्टचा एक खांब होता, दुसरा नव्हता. मुलींचे आवाज दुरून, पाण्याखालून आल्यासारखे येत होते. कॅप्टन नादियांना सराव रद्द करायचा होता. मी अर्धा तास मागून घेतला. खरे सांगायचे तर मलाच त्या पांढरेपणात थोडा वेळ उभे राहायचे होते. तिथे डीन नव्हते, डिसेंबरअखेर नव्हती.

मी सांध्यावर चेंडू टाकला. तो धुक्यात शिरला आणि आतून रझियाचा आवाज आला, "माझा!" पाठोपाठ चेंडूला बूट लागल्याचा खणखणीत आवाज. मी दुसरा टाकला. "माझा!" तिसरा, चौथा. एकही चेंडू पलीकडे गेला नाही.

मी त्यांच्या जवळ गेले. आठ मीटरवर हेस्सा म्हणजे नुसती एक राखाडी आकृती होती. तिला चेहरा नव्हता. आदबीला चेहरा लागतो. समोर कोण आहे ते दिसत नसेल, तर आधी आपण म्हणायचे कुणाला?

धुके मागवता येत नाही. चेहरा मात्र हटवता येतो. मी दोघींना पाठीला पाठ केल्यासारखे तिरके उभे केले: हेस्साचा चेहरा डाव्या कडेकडे, रझियाचा उजव्या कडेकडे. चेंडू दोघींना दिसेल, जोडीदार दिसणार नाही. बचावपटूने तिरके उभे राहणे तसेही शास्त्रशुद्ध असते. त्यामुळे वळून धावायला वेळ लागत नाही. अडचण एकच होती. "चेंडू येण्याआधी जोडीदाराकडे पाहा" हा कॅप्टन नादियांचा लाडका नियम होता. सराव सुरू करताना संघ तो एका सुरात म्हणत असे.

"माझा नियम काढून टाकतेस?" त्यांनी विचारले.

"या दोघींपुरता."

"वीस वर्षं मी हे शिकवते आहे."

"या दोघी एकमेकींकडे पाहतात तेव्हा चेंडू सोडतात, कॅप्टन. तुम्ही रेकॉर्डिंग पाहा. तिन्ही वेळा."

त्यांनी तिन्ही गोल पाहिले. मग पुन्हा पाहिले. "कर," त्या म्हणाल्या. "पण हरलीस, तर हा शोध तुझा. माझं नाव घ्यायचं नाही."

गुरुवारी आकाश धुतल्यासारखे स्वच्छ होते. हेस्सा आणि रझिया एकमेकींवर रुसल्यासारख्या तोंडे फिरवून उभ्या राहिल्या. रझियाची आई कठड्याशी आली आणि काळजीने ओरडली, "भांडण झालं काय गो तुमचं?" रझियाने मागे न पाहता नुसता हात हलवला.

त्या सामन्याचे मला तुकडेच आठवतात. लांबलेल्या सावल्या. सांध्याकडे येणारा चेंडू, आणि दर वेळी आतून कोणीतरी दोरी ओढावी तसा त्याच्याकडे खेचला जाणारा एक पाय. दुसऱ्या हाफमध्ये हेस्सालाही इतका उत्साह आला की तीही "माझा!" म्हणत धावली आणि दोघी एकमेकींवर आदळल्या. हेस्सा कपाळ चोळत उठली. चेंडू बाहेर गेला होता. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. या वेळी रझिया बसून हसत होती. मी मात्र कडेला उभी राहून श्वास मोजत होते.

नव्वद मिनिटांत गोल झाला नाही, ना आमच्यावर, ना त्यांच्यावर. पेनल्टीत आम्ही हरलो. मुली रडल्या. मी बाकावर बसून राहिले. सेमीफायनल गेली होती, आणि डीनना हरलेल्या सामन्याचा फक्त निकाल कळतो.

कॅप्टन नादिया आल्या. "पेनल्टीचा सराव मी घेतला नाही. ते माझं. तुझ्या दोघी दोनदा एकमेकींवर आदळल्या. मार्चपर्यंत ते बंद झालं पाहिजे."

"हो, कॅप्टन."

त्या फोन कानाला लावून डीनच्या ऑफिसकडे निघून गेल्या. मार्च हा डिसेंबरनंतर येतो, हे ध्यानात यायला भौतिकशास्त्राच्या पदवीधर मुलीला बराच वेळ लागला.

यातून मी एवढेच शिकले, की बचावातले एक छिद्र बुजवले की शेजारी दुसरे दिसू लागते, आणि पगार त्या दुसऱ्यासाठी मिळतो. त्या दिवशीच्या माझ्या नोंदी अशा: सांध्यावर आलेले चेंडू अकरा, सोडलेले शून्य, टकरी दोन.